दीड लाखाचं इंजिन, पाच लाखांचं काम

द्राक्षांचा हंगाम उरकला की एप्रिल-मे महिन्यात नाशिकच्या गॅरेजांत एक चौकशी हमखास येते. घरात महिंद्राची जुनी एमएम ५४० किंवा सीजे जीप उभी आहे, मूळ इंजिनाने दम टाकलाय, पावसाळ्याच्या आत तिच्यात सीआरडीई (कॉमन रेलचं, कॉम्प्युटरवर चालणारं नवं डिझेल इंजिन) बसवायचंय, किती पडतील? आणि त्याला जोडूनच, 'इंजिन मी आणून देतो भाऊ, तुम्ही फक्त बसवून द्या.' सातपूर-अंबड भागात आम्ही ही कामं करतो. या 'फक्त बसवून द्या'मध्ये काय काय येतं आणि पैसा नेमका कुठे जातो, ते काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने लिहितो आहोत.

उदाहरणाला एकच काम धरू. गाडी एमएम ५४०. तिच्यात मूळचं प्यूजो एक्सडीपी ४.९०, म्हणजे २११२ सीसीचं, ६२ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. त्याची ओढ (टॉर्क) १२० न्यूटन-मीटरच्या आसपास. त्या जागी २०१० साली आलेल्या थारमधलं २४९८ सीसीचं सीआरडीई, १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर. म्हणजे ओढ दुप्पट. हे 'दुप्पट' ध्यानात ठेवा, बिलातल्या निम्म्या ओळी त्यातूनच निघतात.

पान्याला हात लावण्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 'आमच्या काकांची पेट्रोल जीप डिझेल करून आरटीओत नोंदवली होती,' असं बरेच जण सांगतात आणि ते खोटं नसतं. २००० सालच्या दुरुस्तीआधी आरटीओला कळवून, परवानगी घेऊन असा बदल नोंदवता येत असे. आता ती वाट राहिलेली नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा हाच अर्थ लावला. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला सवलत आहे, ती वेगळी गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका विम्याचा: अपघात झाला आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला, तर भरलेला हप्ता पाण्यात.

म्हणून एमएच १५ चा नंबर लावून रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला आम्ही एकच काम सुचवतो, त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन, आरटीओची परवानगी घेऊन आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून. त्यासाठी इंजिन खरेदीचं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद लागतात. कागद नसलेलं इंजिन दहा हजारांनी स्वस्त मिळतं, पण ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस चौकीच्या फेऱ्या तुमच्या नशिबी. वेगळ्या जातीचं इंजिन आम्ही बसवतो ते फक्त ट्रेलरवरून ऑफ-रोड ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांत. तसं मालकाकडून लेखी घेतो. पुढचं सगळं अशाच गाडीबद्दल आहे.

पहिला दिवस नुसता मापाचा असतो आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो. गिऱ्हाइकाला हे खटकतं, पण मापाशिवाय दिलेलं एस्टिमेट हा अंदाजच असतो, आणि तो चुकला की भांडण दोघांचंही होतं. गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर, स्प्रिंगांवर नेहमीचं वजन ठेवून उभी करायची. जॅकवर लोंबकळणाऱ्या ॲक्सलने घेतलेलं माप कामाचं नाही. मग पाहायचं: फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा) रेडिएटरपर्यंत लांबी किती, दोन चेसिस रेलमध्ये रुंदी किती, स्टेअरिंग शाफ्ट कुठून जातो, पुढचा डिफरन्शिअल (ॲक्सलमधला, चाकांना ताकद देणारा गोळा) कोणत्या बाजूला आहे आणि नव्या ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) पुढचं तोंड कोणत्या बाजूला निघतं. हे शेवटचं सगळ्यांत महाग पडू शकतं. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्टही बाजूने निघतो, म्हणून मागचा डिफरन्शिअल मध्यभागी नसतो. नव्या केसचा शाफ्ट मधून निघाला तर ॲक्सल हाउसिंगच बदलायला लागतं. इंजिन आणण्याआधी हे कळलं तर निर्णय असतो, नंतर कळलं तर नुसता खर्च.

आता इंजिन. 'मी आणून देतो'मध्ये अडचण अशी, की स्क्रॅपमधून सुटं इंजिन येतं आणि त्याची शेपूट तिथेच राहते. सीआरडीई म्हणजे लोखंडाचा ठोकळा नव्हे. त्याबरोबर त्याच गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याची चावी आणि इमोबिलायझर, न कापलेलं वायरिंग, ॲक्सिलरेटरचं इलेक्ट्रॉनिक पेडल, सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर, व्हॅक्यूम पंप, इंटरकूलर हे सगळं हवं. शक्य तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही त्याचाच. जुना चार गिअरचा डबा राखून ॲडॉप्टर प्लेट करता येते, आम्ही केल्याही आहेत, पण आता सहसा करत नाही. बेलहाउसिंगचं (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) मधलं भोक आणि क्रँकची मध्यरेषा यांत डायल गेज फिरवून ०.१३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर क्लचप्लेटचा हब तडकतो, गिअरच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज येऊ लागतो, चालू गाडीत गिअर सुटतो. हा फरक मर्यादेत आणायला चांगला टर्नर, डॉवेल पिना आणि धीर लागतो. एवढं करून जो डबा १२० न्यूटन-मीटरसाठी घडवला, त्यावर २४७ चा भार टाकायचा. त्यापेक्षा सेट घ्यावा.

सेट विकत घेण्याआधी चार तपासण्या करतो, आणि गिऱ्हाइकानेही त्या स्वतः उभं राहून पाहाव्यात. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. ते नाचून खाली पडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्यात. ग्लो प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजायचं. आकडा कमी-जास्त असू शकतो, पण चार सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उघडावंच लागेल. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून दोन मिनिटं इंजिन चालवायचं. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर संपलाय, आणि सीआरडीईचा इंजेक्टर जुन्या प्यूजोच्या नोझलच्या भावात येत नाही. शेवटी इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला ऑइल प्रेशर १ बारच्या खाली जाता कामा नये. ज्या दुकानदाराकडे इंजिन चालू करून दाखवायची सोय नाही, त्याच्याकडचं इंजिन 'उघडावंच लागणार' असं धरूनच भाव करायचा.

चांगलं निघालेलं इंजिनही आम्ही उघडतो. बेअरिंग, रिंगा, गॅस्केट, ऑइल सील, टायमिंगचा सेट, वॉटर पंप, क्लच सेट, क्रँकच्या शेपटीतलं पायलट बेअरिंग. दोनशे रुपयांचं सील गाडीत बसवल्यावर गळलं, तर ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली येतो. 'चालू इंजिन आहे, उघडता कशाला?' या प्रश्नाला आमच्याकडे एवढंच उत्तर आहे.

उघडण्याचा आणखी एक फायदा. रिकामा ब्लॉक, वर हेड, मागे रिकामा गिअरबॉक्स अशी हलकी जोडणी करून ती गाडीत टांगता येते. हीच मॉक फिटिंग, आणि या कामाचा जीव इथे आहे. साखळी पुलीला टांगलेलं इंजिन एका वेळी पाच मिमी पुढे, तीन मिमी वर, असं सरकवत प्रत्येक जागी पाहायचं. ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलला लागतो का? त्यासाठी पुढच्या स्प्रिंगांची मुख्य पट्टी ठेवून बाकीच्या पट्ट्या काढायच्या, म्हणजे ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत वर चढवता येतो. तिथेही चेंबर आणि ॲक्सलमध्ये २५ ते ३० मिमी अंतर उरलं पाहिजे, कारण इंजिन रबरावर हलतं. उभ्या गाडीत सहा इंच मोकळी जागा दिसते आणि पहिल्याच उडीत चेंबरला भोक पडतं, ते याच चुकीने. जागा नसेल तर चेंबर कापून नवा आकार द्यायचा. तेव्हा तेलाचं माप तेवढंच राहायला हवं, आणि तेल ओढणारी जाळी तळापासून ८ ते १० मिमीवर यायला हवी. वेल्डिंग झालं की बाहेरून खडू फासून आत रॉकेल भरून रात्रभर ठेवायचं. बारीक भोक असेल तिथे सकाळी खडू ओला दिसतो.

मागे फायरवॉल, वर बॉनेट, बाजूला टर्बो आणि स्टेअरिंग शाफ्ट. टर्बो शाफ्टच्याच बाजूला आला तर शाफ्टला जोड टाकून वळवावा लागतो, आणि तिथल्या ब्रेक पाइपला उष्णतेची ढाल. पुढे रेडिएटर. प्रत्येक दिशेला थोडी जागा अपुरीच पडते आणि एकीकडे जिंकलेली दुसरीकडे हरावी लागते. या गाडीत इंजिन सात वेळा आत-बाहेर झालं. कामाचे एकूण तास २१०, त्यातले ४६ या टांगण्या-उतरवण्यात गेले. गिऱ्हाईक मधल्या आठवड्यात पाहायला येतं तेव्हा गाडी मागच्या वेळेसारखीच दिसते, उघडी, आणि इंजिन साखळीला. 'काहीच हललं नाही' असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आता आम्ही रोजची मापं वहीत लिहून तिचा फोटो मालकाला पाठवतो. त्यांना त्यातलं सगळं कळतं असं नाही, पण गाडी विसरली गेली नाही एवढं कळतं.

इंजिनाची जागा ठरवताना मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंतचा दांडा) विसरला की सगळं फसतं. एमएम ५४० चा व्हीलबेस ९१ इंच, म्हणजे सुमारे २३१ सेंटिमीटर. नवं इंजिन आणि पाच गिअरचा डबा लांब, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड होतो. समजा ट्रान्सफर केसचं तोंड डिफरन्शिअलच्या तोंडापेक्षा १३ सेंटिमीटर वर आहे. शाफ्ट ५५ सेंटिमीटर असेल तर कोन साधारण पावणेचौदा अंश. तो ४३ वर आला तर साडेसतराच्या वर. शाफ्टच्या टोकाच्या साध्या क्रॉसला (युनिव्हर्सल जॉइंट) एवढा कोन पेलत नाही. गाडी थरथरते, क्रॉसची बेअरिंगं कोरडी पडून जातात. दोन्ही टोकांचे कोन एकमेकांशी एक अंशाच्या आत जुळले पाहिजेत, हा नियम तर आहेच. पण कोनच मोठा असेल तर वरच्या टोकाला डबल जॉइंट टाकून खालचा डिफरन्शिअल त्याच्याकडे तोंड करून फिरवावा लागतो, म्हणजे स्प्रिंगचे पॅड कापून पुन्हा वेल्ड करणं आलं. नाहीतर इंजिन पुढे, आणि मग रेडिएटरची पंचाईत. शाफ्ट कापून आणले की बॅलन्स केल्याशिवाय लावायचे नाहीत.

जागा पक्की झाली की फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार. पाच मिमीच्या एमएस प्लेटचे ब्रॅकेट लेझरवर कापून घेतो. अंबडमध्ये हे काम एका दिवसात होतं, त्या बाबतीत नाशिकसारखी सोय फार थोड्या शहरांत असेल. आधी नुसते टाचे मारायचे, इंजिनाचं वजन रबरावर सोडायचं, सगळी अंतरं पुन्हा मोजायची आणि मगच पूर्ण वेल्डिंग. जुन्या चेसिसच्या वरच्या-खालच्या पात्यावर आडवं वेल्डिंग करायचं नाही, तिथूनच तडा जातो. उभ्या बाजूवर फिशप्लेट (जोडपट्टी) टाकायची. बंद पेटीच्या चेसिसमधून बोल्ट आरपार न्यायचा असेल तर आत नळी टाकायची, नाहीतर बोल्ट आवळताना पेटी चेपते आणि महिन्याभरात बोल्ट ढिला. वेल्डिंग मशीन सुरू करण्याआधी बॅटरी आणि ईसीयू दोन्ही सोडवलेले हवेत. ईसीयू एकदा गेला की तो चावीसकट शोधत बसावं लागतं.

इंजिन थंड ठेवणं हा पुढचा मोठा खर्च, आणि गिऱ्हाइकाच्या हिशोबात तो कधीच नसतो. जुना रेडिएटर ६२ अश्वशक्तीसाठी होता. ऑफ-रोडला गाडी पहिल्या लो गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने चढते. समोरून वारा नाही, टर्बो पूर्ण भरलेला. तिथे सगळं पंख्यावर. पंखा जाळीपासून निदान २५ मिमी दूर, भोवती पूर्ण शराउड (हवा जाळीतूनच ओढायला लावणारं कवच), पाती अर्धी शराउडच्या आत. शराउड नसेल तर मोठा रेडिएटर टाकूनही उपयोग नाही, पंखा त्याच त्या गरम हवेला घुसळत राहतो. पाण्यातून गाडी न्यायची असेल तर इलेक्ट्रिक पंख्याला बंद करायचा स्विच हवाच. फिरती पाती पाण्यात वाकतात आणि थेट रेडिएटर फाडतात. कूलंट निम्मं-निम्मं, कॅप कंपनीने सांगितलेल्या दाबाचीच. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. कॅपचा दाब आणि कूलंट मिळून ती मर्यादा १२० च्या पुढे नेतात. म्हणून वीस रुपये वाचवून लावलेली ढिली कॅप हे मे महिन्यातल्या कित्येक हेड गॅस्केटचं कारण असतं. भरताना वरच्या होजमध्ये हवा अडकली तर काटा शांत राहतो आणि हेड मात्र तापत जातं. गाडीचं नाक चढावर करून हवा काढायची.

डिझेलच्या बाबतीत थोडक्यात: जुन्या टाकीतला गंज प्यूजोचा पंप पचवत होता, कॉमन रेल पचवणार नाही. रेलमधला दाब हजार बारच्या वर असतो. टाकी आतून साफ करून किंवा नवीन करून, पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि टाकीपर्यंत स्वतंत्र रिटर्न लाइन टाकल्याशिवाय चावी फिरवायची नाही. आणि चालू इंजिनात रेलचा नट ढिला करून हवा काढायची जुनी सवय इथे कुणीही वापरू नये. ती धार कातडी भेदून आत जाते.

वायरिंगला लोक घाबरतात, पण न कापलेलं हार्नेस (तारांचा जुडगा) मिळालं तर ते मोजकं काम आहे. त्यातून नको असलेल्या तारा शांतपणे बाजूला काढायच्या आणि ईसीयूला काय काय दिसायला हवं ते राखायचं: क्लच आणि ब्रेकचे स्विच, पेडल, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, गाडीच्या वेगाचा सिग्नल. यातलं एक जरी नसेल तर दिवा लागतो, किंवा इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जात नाही. मग मालकाला वाटतं इंजिनच कमजोर निघालं. निम्म्या तक्रारींचं मूळ मात्र साध्या अर्थिंगमध्ये सापडतं. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड केबल थेट ब्लॉकला आणि एक चेसिसला, रंग खरवडून. सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टोक यांमध्ये मीटर ०.३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी केबल बदला, सेन्सर नंतर.

ब्रेकवर आम्ही तडजोड करत नाही. दुप्पट ओढीची गाडी चार जुन्या ड्रमवर थांबवायला आम्ही कुणाच्या हातात देणार नाही. पुढे डिस्क, बूस्टर, त्याला इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपाची नळी, नवे ब्रेक पाइप. हा भाग वगळा म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही, पैसे देत असला तरी.

आता बिल. हे आकडे या एका कामाचे आहेत, दुसऱ्या गाडीला वेगळे येतील. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, ईसीयू आणि वायरिंग असा सेट १,५०,००० रुपये. इंजिन उघडून केलेलं काम, इंजेक्टर तपासणी आणि क्लच सेट धरून ६२,०००. ब्रॅकेट, क्रॉस मेंबर, लेझर आणि लेथ २८,०००. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट बॅलन्ससह १९,०००. रेडिएटर, पंखा, शराउड, इंटरकूलर आणि त्याचे पाइप ३४,०००. सायलेन्सर लाइन ११,०००, डिझेलची टाकी आणि लाइन ९,०००, वायरिंग २४,०००, ब्रेक ३८,०००. ऑइल, कूलंट, बोल्ट, होज, क्लिपा असं सुटं-सुटं १७,०००. या शेवटच्या ओळीवर सगळ्यांची नजर अडते, पण ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि चांगल्या क्लिपा किलोच्या भावात मिळत नाहीत. मजुरी २१० तास, ताशी ४५० प्रमाणे ९४,५००. एकूण ४,८६,५००. म्हणजे ज्या सेटच्या किमतीवर गिऱ्हाइकाने मनात हिशोब मांडला होता, तो बिलाच्या एक तृतीयांशाहून कमी निघाला. बाकीचा पैसा इंजिन आणि गाडी यांच्या मधल्या जागेत गेला.

एस्टिमेट देताना आम्ही दोन आकडे देतो: मापावरून ठरलेला, आणि त्यावर १५ ते २० टक्के राखीव. राखीव कशासाठी, तेही लिहितो: चेसिसवर रंगाखाली सापडणारा गंज, आधीच्या कुणी मारलेलं वाकडं वेल्डिंग, उघडल्यावर निघालेला ओव्हल बोर. पैसे टप्प्याने घेतो, सेटच्या वेळी, मॉक फिटिंग मालकाने डोळ्यांनी पाहिल्यावर, पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर आणि शेवटी. मधल्या टप्प्यावर थांबायचं असेल तर मालक सेट घेऊन जाऊ शकतो. पूर्ण रक्कम आगाऊ घेणाऱ्याकडेही आणि आगाऊ काहीच न मागणाऱ्याकडेही काम अर्धवट पडलेलं आम्ही पाहिलं आहे. अशा अर्धवट गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा नव्याने करण्यापेक्षा जास्त तास लागतात, कारण आधीचं काय विश्वासार्ह आहे हे प्रत्येक बोल्टपाशी ठरवावं लागतं.

पैशांइतक्याच चुकीच्या अपेक्षा वेगाबद्दल असतात. 'आता शंभरने पळेल ना?' उत्तर इंजिनात नाही, क्राउन-पिनियनमध्ये (डिफरन्शिअलमधली दातेरी चाकांची जोडी) आहे. जुन्या जीपमध्ये ५.३८ चा रेशो सापडतो, क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. चाकाचा घेर २.२ मीटर धरा. टॉप गिअर एकास एक असताना ३,००० आरपीएमला चाक मिनिटाला ५५८ फेरे घेतं, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. इंजिन कोणतंही असो, एवढेच. मागे-पुढे दोन्हीकडे ४.२७ चा रेशो टाकला तर तेच ३,००० आरपीएम ९३ ला येतात, पण तो खर्च वरच्या बिलात नाही. दोन्हीकडे रेशो सारखाच हवा, एकीकडे बदलून चारचाकी ड्राइव्ह लावला तर ट्रान्सफर केस फुटेल. आणि खरं सांगायचं तर पानांच्या स्प्रिंगांवरची आखूड जीप त्या वेगाला नेऊ नये असंच आम्ही सांगतो. ट्रॅकवर ५.३८ हाच रेशो सोन्यासारखा आहे.

ॲव्हरेजचंही तसंच. चौकोनी अंगाची, मोठ्या टायरची जीप थारच्या आकड्यांवर जाणार नाही. ओढ वाढल्यावर पुढचा कमजोर दुवा उघडा पडतो, तेही आधी सांगावं लागतं. एक चाक दगडात अडकलेलं, लो गिअर, आणि पाय पूर्ण दाबलेला, अशा वेळी हाफ शाफ्टच (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचा दांडा) तुटतो. आधी इंजिनच बंद पडायचं, त्यामुळे शाफ्ट वाचायचा. म्हणून अशा मालकांना आम्ही एक जादा हाफ शाफ्ट गाडीत ठेवायला आणि पाय हलका ठेवायला सांगतो.

आणि वेळ. 'पंधरा दिवस' हा शब्द आम्ही उच्चारत नाही. २१० तास म्हणजे दोन माणसांचे नुसते हातांचे तेरा-चौदा दिवस. त्यात मशीन शॉपची रांग, न मिळणारा कनेक्टर, शाफ्ट बॅलन्सला गेलेले दिवस धरले की दहा ते बारा आठवडे होतात. एप्रिलमध्ये आलेली गाडी जूनच्या पहिल्या पावसाला तयार हवी असेल तर सेटचा शोध धरून ती डिसेंबरात यायला हवी होती. त्या वेळी बागेत छाटणी उरकून फवारण्या चालू असतात आणि जीप कुणाला आठवत नाही, हेही आम्हाला समजतं. म्हणून मापाचा दिवस आणि सेटचा शोध तेव्हाच उरकून ठेवा, एवढं सुचवतो.

पहिल्यांदा सुरू करताना आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून सेल्फवर ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवायचं, मग कनेक्टर लावून चावी. वीस मिनिटं आयडलला, हातात टॉर्च, प्रत्येक जोडावर नजर. मग खासगी जागेतल्या चढावर लो गिअरमध्ये अर्धा तास, भर दुपारी. काटा थर्मोस्टॅटच्या आसपास स्थिरावून पंखा चालू-बंद होत राहिला तर कूलिंग पास. काटा हळूहळू चढतच राहिला तर गाडी द्यायची नाही, मालक दारात उभा असला तरी. या कामात त्याच चाचणीत इंटरकूलरचा एक पाइप सुटला. टोकाला कडा उठवलेली नव्हती, गुळगुळीत नळीवर क्लिप घसरली. सोळा तास अशा दुरुस्त्यांत गेले.

पहिल्या वीस तासांनंतर गाडी परत बोलावतो, त्याची मजुरी घेत नाही. फाउंडेशनचे बोल्ट हमखास पाव ते अर्धा फेरा आवळले जातात, रबर बसलेलं असतं. एक्झॉस्टचे नट, प्रोपेलरचे बोल्ट, होजच्या क्लिपा, अर्थिंग पुन्हा पाहायचं. डिझेल फिल्टर उघडून टाकीतून काय आलं ते पाहायचं, ऑइल बदलायचं, जुनं ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चकाकी आहे का ते उन्हात धरून पाहायचं. ते मालकालाही दाखवतो आणि वहीची प्रत त्याला देतो. तिच्यात कोणत्या गाडीचा कोणता भाग कुठे लागला, बेअरिंग-सीलचे नंबर आणि वायरिंगचे रंग लिहिलेले असतात, म्हणजे उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या मिस्त्रीपुढे बॉनेट उघडलं तरी त्याला अंधारात चाचपडावं लागत नाही.